लंपन, मुकुंद की पांडुरंग: आधी कोणाला भेटावं?

वयात येणाऱ्या मुलाचा एकटेपणा, त्याची दोस्ती, आपण नेमके कुठले हा त्याला पडलेला प्रश्न. यावर मराठीत काही चांगलं सुचवा म्हटलं की तीन नावं हटकून पुढे येतात. प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’, मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ आणि भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’. सुचवणारा तिन्ही एका दमात सुचवतो आणि विचारणाऱ्याला कळत नाही की आधी कुठलं घ्यावं. तिन्ही पुस्तकांचा पिंड अगदी वेगळा आहे. चुकीच्या वेळी चुकीचं हातात पडलं तर वाचणारा चाळीस-पन्नास पानांत ते मिटून ठेवतो, आणि मग ते कपाटातच राहतं. ‘कोसला’चं तर हे नेहमीच होतं.

नायकाचं वय बघून पुस्तक निवडायची पद्धत आहे: ‘वनवास’चा लंपन लहान मुलांना, ‘शाळा’चा मुकुंद शाळकऱ्यांना, ‘कोसला’चा पांडुरंग कॉलेजवाल्यांना. मला ती पटत नाही. मी बघते ते लेखक आपल्या नायकापासून किती वर्षं लांब उभा आहे. ‘कोसला’ १९६३ साली आली तेव्हा नेमाडे पंचविशीत होते आणि पांडुरंग सांगवीकरही पंचवीस वर्षांचा. ‘शाळा’ २००४ची. तिच्यातला मुकुंद जोशी आणीबाणीच्या काळात नववीत आहे आणि ते लिहिणारे बोकील चाळिशी ओलांडलेले. संतांचा जन्म १९३७चा आणि ‘वनवास’ १९९४ साली प्रसिद्ध झालं. म्हणजे सत्तावन्नाव्या वर्षी एक माणूस दहा-अकरा वर्षांच्या पोराच्या तोंडून बोलतोय. हे अंतर प्रत्येक पानावर जाणवतं. पांडुरंगाला स्वतःला माफ करायला वेळच मिळालेला नाही, मुकुंदाला थोडा मिळालाय आणि लंपनला त्याच्या लेखकाने पुरतं जवळ घेतलंय.

लंपनपासून सुरुवात करते. लंपन आई-बाबांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहतो. बेळगावच्या बाजूचा कानडी-मराठी मुलूख. आजीची मराठी कानडी हेलाची, गल्लीतल्या पोरांची त्याहून जास्त. इथे त्याला कोणी छळत नाही. आजी रागावते पण जीव लावते, आजोबा शांत आहेत, शाळेत कणबर्गी गंग्यासारखा दोस्त आहे, शेजारी सुमी आहे. तरीही त्याला मधूनच काहीतरी होतं. काय होतंय ते त्याला नीट सांगता येत नाही, मग तो म्हणतो की एकूण सगळं मॅडसारखंच आहे. ‘मॅड’ हा त्याचा हुकमी शब्द. उगाचच मोठमोठे नेमके आकडे सांगायची खोडही त्याला आहे, आणि सुमी दिसली की काय वाटतं ते सांगताना हे सगळं एकदम उफाळून येतं. हसू येता येता वाचणाऱ्याच्या घशात काहीतरी अडकतं, कारण पोरगं लपवत काहीच नसतं, त्याच्याकडे फक्त शब्द कमी असतात.

प्रेमात वाढणाऱ्या मुलालाही आपण इथले नाही असं वाटू शकतं, ही गोष्ट इतक्या हळुवारपणे मराठीत दुसरीकडे आलेली मला माहीत नाही. आजोळी, मावशीकडे, काकांकडे शिकायला राहिलेली माणसं आपल्याकडे घरटी एक तरी सापडतात. ‘सगळं छान होतं हो’ असं म्हणून ती गप्प होतात. त्यांना ‘वनवास’ द्यावं. संतांचे वडील ना. मा. संत १९४६ साली गेले, तेव्हा प्रकाश जेमतेम नऊ वर्षांचे होते. आई म्हणजे कवयित्री इंदिरा संत. हे ठाऊक नसलं तरी पुस्तक भिडतं, ठाऊक असलं तर काही वाक्यांवर थांबावं लागतं.

घेण्याआधी एक गोष्ट लक्षात असू द्या. ‘वनवास’ ही कादंबरी नाही. त्या लंपनच्या कथा आहेत, प्रत्येक आपापल्या जागी पुरी होणारी. पुढे ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ अशी आणखी पुस्तकं आहेत, आणि क्रमाने वाचली की लंपन आपल्या डोळ्यांदेखत मोठा होतो. ज्याला एका दमात वाचून संपवायची सवय आहे त्याला ही चाल संथ वाटेल. झोपण्याआधी एकेक गोष्ट वाचणाऱ्याला मात्र महिनाभराची सोबत होते. सुरुवातीला बोलीमुळे थोडं अडखळायला होतं. मोठ्याने वाचलं की ते अडखळणं जातं.

‘शाळा’ या तिघांत सगळ्यात सोपी, आणि म्हणूनच तिला कमी लेखण्याची चूक होते. मुकुंद, सुऱ्या, चित्र्या आणि फावड्या हे चौघं अर्धवट बांधलेल्या एका इमारतीत जाऊन बसतात. तिथून रस्त्याने येणाऱ्या-जाणाऱ्या मुली दिसतात. कोणाची लाइन कोण, कोणी कोणाकडे वळून बघितलं, याचा तिथे काथ्याकूट चालतो. मुकुंदाच्या मनात भरलेली मुलगी आहे शिरोडकर. मुलामुलींनी एकमेकांना आडनावाने हाक मारायची ही त्या काळच्या शाळांतली रीत बोकिलांनी अशी काही वापरलीय की तेवढं आडनाव उच्चारतानाही मुकुंदाची धडधड ऐकू येते.

या टोळक्यात वावरूनही मुकुंद एकटा पडतो. मुलींबद्दल टोळक्यात बोलायची एक भाषा ठरलेली आहे आणि शिरोडकरबद्दल त्याला जे वाटतं ते त्या भाषेत मावत नाही. ते बोलायला नरूमामा तेवढा आहे. दोस्त असूनही सगळ्यात जवळची गोष्ट दोस्तांना सांगता न येणं, हा एकटेपणा चौदा-पंधराव्या वर्षी बहुतेक मुलांच्या वाट्याला येतो आणि त्याला कोणी एकटेपणा म्हणतही नाही. शिवाय चौघांची घरं सारखी नाहीत. फावड्याच्या घरची ओढाताण आणि मुकुंदाचं नोकरदार घर यांतलं अंतर शाळेच्या बाकावर दिसत नाही, पुढे दिसतं. मैत्री कुठवर टिकेल हे घरची परिस्थिती ठरवते, हे बोकील भाषण न देता सांगतात. आणीबाणीही तशीच, मोठ्यांच्या कुजबुजीतून येते. तोंड बंद ठेवायला शिकवणारा तो काळ आणि मनातलं बोलू न शकणारा हा मुलगा एकमेकांना असे जुळतात की तो काळ केवळ पार्श्वभूमीला लावलेला वाटत नाही.

मुलांच्या तोंडची भाषा मोकळी आहे, शिव्या आहेत. काही पालक तेवढ्यावरून पुस्तक बाजूला ठेवतात. माझ्या मते नववी-दहावीतल्या मुलाने ही कादंबरी वाचावीच, आणि आई-वडिलांनी ती त्याच्या आधी वाचावी. सुजय डहाके यांचा चित्रपट २०१२ साली पडद्यावर आला, त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. चित्रपट चांगलाच आहे. पण मुकुंदाचं मनातल्या मनात चाललेलं बोलणं हा कादंबरीचा जीव, तो पुस्तकातच आहे. पुस्तक आधी.

आता ‘कोसला’. खानदेशातल्या सांगवीचा, सधन शेतकऱ्याचा मुलगा पुण्याला कॉलेजात येतो, हॉस्टेलवर राहतो. तो चांगला वागायला जातो. मेसचा सेक्रेटरी होतो, प्रीफेक्ट होतो, मंडळं चालवतो, चहा पाजतो, आणि सगळं त्याच्यावर उलटतं. पैसे जातात, अभ्यास जातो, वडिलांशी असलेलं आधीचंच ताणलेलं नातं आणखी ताणतं. भोवती माणसांचा गराडा असतो आणि त्यात आपलं म्हणावं असं कोणी जवळपास नसतं. पदवी न घेताच तो गावी परततो, तर तिथलाही राहिलेला नसतो. खेड्यातून शहरात शिकायला आलेल्या कितीतरी जणांना हे दुहेरी परकेपण अंगाला लागलेलं आहे. साठ वर्षांत हॉस्टेलच्या खोल्या बदलल्या, खोलीत रात्री जे वाटतं ते बदललेलं नाही.

अडचण येते ती भाषेची. ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ नको तिथे टपकतात. वाक्यं तुटक, सूर उडवून लावणारा. पहिल्यांदा वाचणाऱ्याला वाटतं की हा माणूस कशालाच मनावर घेत नाही, मग आपण तरी का घ्यावं? म्हणून ‘कोसला’ हातात घेणाऱ्याला मी एवढंच सांगते, मनीच्या मृत्यूपर्यंत थांबा. मनी ही पांडुरंगाची धाकटी बहीण. ती देवीच्या साथीत जाते तेव्हा हा पुण्यात असतो. त्या पानांवर पांडुरंग आधीचाच सूर ठेवू बघतो आणि त्याला तो ठेवता येत नाही. शोक, संताप, घरच्यांवरचा राग, सगळं एकमेकांत घुसतं. मग कळतं की आधीचं ‘वगैरे’ म्हणजे हात आडवा धरणं होतं. तिथून मागे जाऊन पहिली पानं पुन्हा वाचली की तीच वाक्यं वेगळी लागतात.

तरीही ज्याची सध्या खरोखरच पडझड चालली आहे, परीक्षेत आपटलाय, खोलीबाहेर पडत नाही, अशाच्या हातात मी ‘कोसला’ लगेच देणार नाही. पांडुरंग वाचणाऱ्याच्या शेजारी बसतो खरा, पण तो त्याला उठवत नाही. त्याच्या वयाच्या लेखकालाही तेव्हा उठायची वाट सापडलेली नव्हती, निदान पुस्तकात ती नाही. अशा वेळी लंपन बरा. त्याच्यामागे कोणीतरी मोठं माणूस उभं असल्याचं जाणवत राहतं. ‘कोसला’ सावरल्यावर, वर्षा-दोन वर्षांनी द्यावी. तेव्हा ती आपली वाटते.

तिन्ही पुस्तकांबद्दल माझी एक तक्रार आहे आणि निवडणाऱ्याने ती ध्यानात घ्यावी. तिन्हींत बोलणारा मुलगाच आहे. सुमी, शिरोडकर आणि मनी आपल्याला फक्त या मुलांच्या डोळ्यांनी दिसतात. शिरोडकरला त्या वर्षी काय वाटत होतं हे मला आजही वाचायला आवडेल. एखाद्या मुलीसाठी पुस्तक शोधत असाल तर ही उणीव छोटी नाही. तिला यांतलं काही देऊ नये असं मी म्हणत नाही, पण सोबत सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ठेवावी. २००६ साली आलेली ही छोटी कादंबरी कुंडलकरांनी विशीत लिहायला घेतली होती. पुण्यातलं घर, तिथे पेइंग गेस्ट म्हणून आलेला एक तरुण, आणि त्याच्यावर जीव जडलेली बहीण-भावंडं. पहिला भाग तनय सांगतो, दुसरा अनुजा. अनुजाचा भाग वाचताना पहिल्यांदाच एक मुलगी आपल्या घरात बसून आपल्या घराविषयी परकी झाल्यासारखी बोलते. तनयचं एकटेपण तर आणखी खोल, कारण आपण कोणावर प्रेम केलं हे त्याला घरात कोणाला सांगायची सोयच नाही. सोळा-सतराच्या पुढच्या कोणालाही ती द्यावी. भाषा सोपी आहे आणि दोन बैठकांत होते.

तेव्हा खरेदीला निघाला असाल तर शाळकरी मुलासाठी ‘शाळा’ घ्या. घरापासून लांब वाढलेल्या कोणासाठीही, मग तो बाराचा असो की साठीचा, ‘वनवास’. हॉस्टेलवर दुसरं-तिसरं वर्ष काढणाऱ्या, वाचनाची थोडी सवय असलेल्या पोराला ‘कोसला’, आणि देताना मनीचं नाव तेवढं सांगून ठेवा. स्वतःसाठी घेत असाल आणि तिन्ही वाचायचीच असतील तर ‘शाळा’, मग ‘कोसला’, मग ‘वनवास’ असा उलटसुलट क्रम लावून बघा. पांडुरंगानंतर लंपनकडे आलं की ‘मॅड’ या एका शब्दात त्या पोराने काय काय कोंबलंय ते लगेच कळतं.