आंबे उतरवायचा झेला: मैत्रिणींच्या अंगणासाठी घ्यावाच
कॉटन मार्केटजवळच्या दुकानातून पात्याचा झेला घेतला, म्हणजे टोकाला पातं नि जाळी लावलेली लांब काठी. प्रतापनगरच्या मैत्रिणीकडे आंबा, दुसरीकडे पेरू अन् लिंबं. गच्चीवरूनही हात पुरत नाही. काठीनं झोडपलेलं फळ आपटतं नि लवकर सडतं. झेल्यात देठ पात्याच्या खाचेत अडकवायचा, काठी हलकेच ओढायची. आंबा बोटभर देठासकट जाळीत. देठ राहिला की चीक सालीवर ओघळत नाही, काळे डाग पडत नाहीत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा नूतन झेलाही असाच देठासकट फळ काढतो. संत्र्याला मात्र कात्रीच बरी.

काठीचा जोड ढिला निघाला, तार बांधावी लागली. दुकानदारानं बघून द्यायला हवं होतं. लिंबं जाळीतून निसटतात. तरी पैसे वसूल! मृगाआधी आंबे उतरवायचे असतील तर आत्ताच घ्या.