बोअर वाढवायचा की स्प्रॉकेट बदलायचं?

चादरींचे दोन गठ्ठे मागे बांधले की तुळजापूरच्या घाटात माझी जुनी स्प्लेंडर दुसऱ्या गिअरवर येते. घरीच उपाय करायचा तर रस्ते दोन.

पहिला, मोठा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास वाढवणं. मूळ 50 मिमी बोअर, 49.5 मिमी स्ट्रोक (पिस्टन वर-खाली जातो ते अंतर), म्हणजे 97.2 सीसी. 54 मिमीचा पिस्टन बसवला की साधारण 113 सीसी. ताकद खरीच वाढते, पण काम तिथं संपत नाही. पिस्टनवरची रिंग सिलिंडरात सरळ ढकलून तिच्या दोन टोकांमधली गॅप फीलर गेजनं (मोजमापाच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. ती कमी पडली तर तापल्यावर टोकं भिडतात आणि सिलिंडर ओरबाडला जातो. कार्बोरेटरचा जेटही (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) वाढवावा लागतो, नाहीतर मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं, इंजिन जास्त तापतं. सोलापूरचा मे, चाळिशीपार पारा आणि वाऱ्यावर थंड होणारं इंजिन! शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच; आरसीतल्या नोंदीशी न जुळणारा बदल चालत नाही.

दुसरा, पुढचं 14 दातांचं स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) काढून 13 चं लावणं. ताकद तीच, पण चाकावरचा ओढा जवळपास 8 टक्के वाढतो. टॉप स्पीड घटतो, हायवेला इंजिन जास्त ओरडतं. अंगणात तासाभराचं काम.

मी 13 चंच लावलं. गठ्ठे काही हायवेला ऐंशीनं न्यायचे नाहीत.