वर्गात संघर्ष खेळायचा तर कोणता खेळ निवडावा?

भांडण, तडजोड, अन्याय हे विषय भूमिका घेऊन शिकवायचे ठरले की आधी घड्याळ बघावं. एक तास हाताशी आहे, अर्धा दिवस आहे की तीन-चार आठवडे? निम्मी निवड तिथेच होते. उरलेली निम्मी, संघर्ष नेमका कशातून उभा राहतो यावर.

तास-दीड तासच असेल तर बार्न्गा. शिवशैलम त्यागराजन यांनी 1980 मध्ये रचलेला हा पत्त्यांचा खेळ. दर टेबलाला चार ते सहा जण आणि एक्का ते सत्ती एवढीच 28 पानं. नियमांचा कागद वाचायला पाच मिनिटं द्यायची, मग तो काढून घ्यायचा आणि बोलणं बंद. मेख अशी, की कागद प्रत्येक टेबलाला थोडा वेगळा असतो. कुठे एक्का सगळ्यांत मोठा, कुठे सगळ्यांत लहान. कुठे इस्पिक हुकूम, कुठे चौकट, कुठे हुकूमच नाही. फेरी संपली की सर्वांत जास्त हात करणारा पुढच्या टेबलावर जातो, सर्वांत कमी करणारा मागच्या. तिथे तो आपल्या नियमाने हात उचलायला जातो आणि समोरचाही त्याच हातावर झडप घालतो. दोघांनाही वाटतं, दुसरा लबाडी करतोय.

बिघडतं ते टेबलं खेटून ठेवल्यामुळे. शेजारचा कागद दिसला की खेळ संपला. मेंढीकोट खेळणाऱ्यांना हुकूम समजावावा लागत नाही, नुसतं झब्बू माहीत असलेल्यांना दोन डाव आधी खेळवून घ्यावेत. शाळेत पत्ते म्हटल्यावर कुणाच्या कपाळाला आठ्या पडत असतील तर पुठ्ठ्याचे तुकडे, चार रंग आणि 1 ते 7 आकडे पुरतात.

गॅरी शर्ट्स यांचा 1969 चा स्टारपॉवर याहून तिखट. रंगीत चकत्यांची देवाणघेवाण करून गुण मिळवायचे आणि गुणांवरून चौकोन, वर्तुळ, त्रिकोण असे तीन गट पडतात. पुढे चौकोनांना नियम बदलण्याचा अधिकार मिळतो. सुरुवातीचं वाटप मुळातच पक्षपाती असतं, पण चौकोनांना ती आपली हुशारी वाटते. सत्ता माणसाला काय करते हे दाखवायला यासारखा खेळ नाही. तरी अकरावीच्या खाली तो घेऊ नये, आणि ज्या वर्गात कोण कुठल्या जातीचा हे सगळ्यांना ठाऊक असतं तिथे छातीवर गटाची खूण लावण्याआधी दहादा विचार करावा. चर्चेआधी घंटा वाजली तर मुलं खरा राग घेऊन घरी जातात.

मॉडेल यूएन, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या सभेची नक्कल, अनेक शाळांना ओळखीचं. अभ्यास, ठरावाचा मसुदा, सभेचे नियम यांचा सराव उत्तम होतो. पण बक्षीस ठेवलं की तीच पाच-सहा मुलं बोलतात, आणि वाटाघाटी फिसकटल्या तरी कुणाचं काही जात नाही. म्हणूनच न्यूयॉर्कच्या बार्नार्ड कॉलेजात मार्क कार्न्स यांनी 1990 च्या दशकात सुरू केलेली ‘रिअ‍ॅक्टिंग टू द पास्ट’ ही इतिहासातले प्रसंग भूमिका घेऊन खेळण्याची पद्धत आम्हाला जास्त पटते. त्यात प्रत्येक भूमिकेला जिंकण्याचं स्वतःचं उद्दिष्ट असतं आणि काही जण मुद्दाम ‘अनिर्णीत’, म्हणजे कुठल्याच गटात नसलेले, ठेवलेले असतात. 1945 च्या शिमला परिषदेवरही असा खेळ आहे. सगळेच गटात वाटले तर मतदानाचा निकाल पहिल्याच दिवशी ठरतो, मग भाषण कुणासाठी करायचं? पूर्ण खेळाला मात्र काही आठवडे द्यावे लागतात.

इथे हीच रचना जायकवाडीच्या पाण्यावर बसवता येते. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या 2014 च्या आदेशाप्रमाणे 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांहून कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न उभा राहतो. नाशिक-नगरचे बागायतदार, मराठवाड्यातले शेतकरी, शहराचा पाणीपुरवठा, कारखाने आणि प्राधिकरणाचे सदस्य अशा भूमिका करा. प्रत्येक चिठ्ठीवर तीनच गोष्टी: उघड मागणी, मनातली शेवटची मर्यादा, आणि सोडून देता येईल असं एक काहीतरी. तिसरी ओळ विसरली की सगळे आपापल्या घोषणेला चिकटतात. नगरच्या मुलांना पैठणची बाजू द्यावी, पैठणच्यांना नगरची. सोडलेल्या पाण्यातलं किती नदीपात्रात मुरतं यावर ती हमखास अडतील. त्याचा आकडा खेळापुरता आधीच ठरवून ठेवावा.

संघर्ष वर्गातलाच असेल, म्हणजे छेडछाड किंवा दादागिरी, तर ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगस्टो बोआल यांचं फोरम थिएटर. पश्चिम बंगालमध्ये 1985 साली सुरू झालेली जन संस्कृती ही नाट्यसंस्था हे करत आली आहे. दहा-पंधरा मिनिटांचा प्रसंग, ज्यात दबलेला माणूस हरतो. तोच पुन्हा सुरू होतो, प्रेक्षकांतला कुणीही ‘थांबा’ म्हणून त्याची जागा घेतो आणि वेगळं काही करून बघतो. जागा दबलेल्याचीच घ्यायची. दादागिरी करणारा बदलून सज्जन केला तर प्रश्नच मिटतो आणि कुणी काही शिकत नाही. ज्याच्यावर तसं बेतलंय त्या मुलाला स्वतःची भूमिका कधीही देऊ नये. शिवाय प्रसंग थांबवून प्रश्न विचारणारा सूत्रधार कसलेला हवा. नाहीतर तो स्वतःच उत्तरं सांगत सुटतो.

चर्चेचा वेळ खेळाइतका तरी राखावा. आधी काय घडलं, मग काय वाटलं, शेवटी हे आणखी कुठे दिसतं, या क्रमाने. त्याआधी खुणा काढून प्रत्येकाने स्वतःचं नाव उच्चारावं. साठ मुलं आणि एकच शिक्षक असेल तर स्टारपॉवर आणि फोरम थिएटर सोडूनच द्यावं. बार्न्गा चालेल, टेबलं दहा-बारा मांडावी लागतील आणि एखाद्या सहकाऱ्याला तासाभरासाठी उसनं मागावं लागेल.