इनसाइटचा मंगळकंप डेटा: फुकट मिळतो, पण पाखडून घ्या

नासाच्या इनसाइट यानाने नोव्हेंबर २०१८ ते डिसेंबर २०२२ या काळात मंगळावर काम केलं. त्यावरच्या सीस या फ्रेंच भूकंपमापकाच्या नोंदी आज कुणालाही उतरवून घेता येतात. उतरवताना द्यायचे संकेत: नेटवर्क एक्सबी (XB), स्टेशन एलीझ (ELYSE). मुख्य संवेदकाच्या बीएचयू, बीएचव्ही, बीएचडब्ल्यू या वाहिन्या सेकंदाला २० नमुने देतात. ऑब्सपाय (भूकंपाच्या नोंदी हाताळणारी पायथन लायब्ररी) वापरता येत असेल तर उतरवणं अवघड नाही, खरी मेहनत त्यानंतर आहे.

यू, व्ही, डब्ल्यू हे संवेदकातले तिन्ही लोलक (हालचाल टिपणारे भाग) तिरके बसवलेले आहेत, त्यामुळे उभी, उत्तर आणि पूर्व दिशा गणिताने काढावी लागते. पण ते लगेच करू नका. मंगळावर दिवसरात्रीच्या तापमानात जवळपास शंभर अंशांचा फरक पडतो. त्या ताणाने उपकरण किंचित कलतं आणि नोंदीत साधारण २५ सेकंदांचा एकतर्फी उंचवटा उमटतो. याला ग्लिच म्हणतात. कित्येकदा तो तीनपैकी एकाच लोलकावर असतो. आधी दिशा फिरवल्या तर तो तिन्ही घटकांत पसरतो. म्हणून क्रम असा ठेवा: कच्च्या वाहिन्यांवर ग्लिच काढा, मग उपकरणाचा प्रतिसाद (नोंदीवर उमटलेला उपकरणाचा स्वतःचा प्रभाव) वजा करा, दिशा शेवटी फिरवा. दर सेकंदाला येणारी ‘टिक’ ही उपकरणातलीच गळती आहे, कंप नव्हे. ०.१ ते ०.८ हर्ट्झचा फिल्टर लावला की ती बाजूला पडते.

दिवसाचा डेटा बहुतेक वाऱ्याचाच असतो. सगळ्यात शांत वेळ स्थानिक सायंकाळची, म्हणून यूटीसी या पृथ्वीवरच्या प्रमाणवेळेच्या घड्याळावर विसंबू नका. मंगळाचा दिवस सुमारे २४ तास ३९ मिनिटांचा असतो.

नवख्यांनी २६ जुलै २०१९ चा एस०२३५बी हा कंप घ्यावा. आधी पोहोचणारी पी आणि मागून येणारी एस या कंपलहरींमध्ये पावणेतीन मिनिटांचं अंतर स्वच्छ दिसतं. २३ मे २०१९ चा एस०१७३ए तितकाच सुंदर आहे, मात्र त्यात पी लहरीच्या मागोमाग ग्लिच येतो. तोच लहरीचा भाग समजला तर पुढचं सगळं गणित चुकतं. दोन्ही कंप मंगळावरच्या सर्बेरस फॉसी या भेगांच्या प्रदेशाच्या बाजूचे.

मोठी मर्यादा एकच, पण ती पक्की: स्टेशन एकटं आहे. कंप कुठल्या दिशेने आला हे फक्त पी लहरीच्या ध्रुवणावरून (जमीन कुठल्या रेषेत हलली यावरून) काढावं लागतं. तरीही याच नोंदींवरून मंगळाच्या गाभ्याची त्रिज्या २०२१ मध्ये सुमारे १,८३० किमी काढली गेली. २०२३ मध्ये त्याच्यावर वितळलेल्या सिलिकेटचा सुमारे १५० किमीचा थर असल्याचं दिसलं आणि आकडा १,६५० ते १,६७५ वर आला. नोंदी बऱ्याचशा त्याच, वाचन बदललं; हे या डेटाचं मोठं बळ आहे.

इनसाइटच्या नोंदींतून कंप शोधणाऱ्या मंगळकंप सेवेची यादी १,३१९ घटनांची आहे, पण प्रत्येकीला ए ते डी दर्जा दिलेला आहे. अंतर्भागावर काही म्हणायचं असेल तर ए आणि बी दर्जाच्या कमी वारंवारतेच्या घटनाच घ्या. २.४ हर्ट्झच्या आसपास उमटणाऱ्या घटनांच्या ढिगाला अभ्यासाच्या सुरुवातीलाच हात लावू नका.