एक्झोरा: कुंडीतल्या 14 महिन्यांनंतर

लाल एक्झोरा (इक्झोरा कॉक्सीनिया) माझ्याकडे बारा इंची कुंडीत 14 महिने आहे. कुणी याला पेंटगुळ म्हणतं, कुणी रुक्मिणी. झाड मूळचं दक्षिण भारत आणि श्रीलंकेतलं, कॉफीच्या कुळातलं. 1753 मध्ये स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने त्याला हे शास्त्रीय नाव दिलं. बारमाही हिरवं आणि आटोपशीर झुडूप हवं होतं म्हणून घेतलं, आणि त्या बाबतीत तक्रारीला जागा नाही.

फुलं मात्र पहिले चार महिने आलीच नाहीत. चूक माझी होती. गोल आकार राहावा म्हणून मी दर पंधरवड्याला शेंडे कातरत होतो. एक्झोराचा झुबका फांदीच्या अगदी टोकाला येतो, पानांच्या बगलेत नाही. म्हणजे दर वेळी मी येऊ घातलेला बहरच कापत होतो. कात्री बाजूला ठेवली, तशी काही आठवड्यांत टोकांवर सुईसारख्या कळ्यांचे गुच्छ दिसू लागले. आता बहर ओसरला की झुबक्याखालची एक-दोन पेरं काढतो, एवढीच छाटणी. त्याखालून दोन्ही बाजूंनी फुटवा येतो, कारण पानं समोरासमोर जोडीने असतात आणि प्रत्येक जोडी खालच्या जोडीला काटकोनात. दोन देठांच्या मधोमध टोकदार त्रिकोणी खवला असतो, तो उपपर्ण. कॉफीचं कुळ ओळखायची ही हमखास खूण.

दुसरी अडचण पानांची. सहाव्या महिन्यात शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. खालची जुनी पानं ठणठणीत. ही लोहाची कमतरता. जुन्या पानातलं लोह झाड नव्या पानाकडे सहसा हलवू शकत नाही, म्हणून आधी शेंडाच बोलतो. मातीत लोह नव्हतं असंही नाही. जड पाण्याने माती अल्कधर्मी झाली होती आणि तशा मातीतलं लोह मुळांना उचलता येत नाही. एक्झोराला आम्लधर्मी माती लागते. चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपातलं लोह, दिलं, वरच्या थरात कंपोस्ट मिसळलं आणि शक्य तेव्हा पावसाचं साठवलेलं पाणी घातलं. पिवळी झालेली पानं पूर्ण सुधारली नाहीत, नवी मात्र गडद आली. विकत घेण्यापूर्वी आपलं पाणी कसं आहे ते जरूर बघा, बाकी सगळं त्यानंतर.

पिठ्या ढेकूण एकदा आला. मुंग्यांची ये-जा दिसली म्हणून वेळीच कळलं, साबणाच्या पाण्याने भागलं.

आता फुलाबद्दल, कारण माझा जीव तिथे अडकला आहे. तीन-चार सेंटिमीटर लांब बारीक नळी आणि तिच्या तोंडाशी चार पाकळ्या. कळीत या पाकळ्या एकमेकींवर पिळलेल्या असतात. उमलायच्या बेतातली एक कळी मी सुईने उघडून भिंगाखाली धरली. परागकोश आधीच फुटलेले होते आणि पिवळे पराग मधल्या कुक्षीवृंतावर, म्हणजे फुलाच्या मधोमध असलेल्या दांड्यावर, माखलेले. फूल उमलतं तेव्हा तो दांडा पराग घेऊन बाहेर डोकावतो, पण कुक्षीच्या, म्हणजे दांड्याच्या टोकावरच्या पराग घेणाऱ्या भागाच्या, दोन पाळ्या अजून घट्ट मिटलेल्या असतात. पराग वाहून गेल्यावर त्या उघडून मागे वळतात. फूल आधी पराग देतं, नंतर घेतं. मध नळीच्या तळाशी असल्यामुळे लांब सोंडेचं फुलपाखरूच तिथवर पोचतं, आणि पोचताना त्याचं डोकं या दांड्याला घासतं. हे एकदा बघितल्यापासून झुबक्यातली ताजी आणि कालची फुलं मला नुसत्या नजरेने ओळखू येतात.

सुवासासाठी हे झाड घेऊ नका, तो जवळपास नाहीच. पाच-सहा तास ऊन मिळत नसेल तरी नको, पानं राहतील पण झुबके विरळ येतील.

फळं मला चारच मिळाली. वाटाण्याएवढी, आधी लाल, पिकल्यावर जांभळट काळी, टोकावर निदलपुंजाचे (पाकळ्यांखालच्या हिरव्या वेढ्याचे) चार दात तसेच शिल्लक. एक कापलं. आत दोन बिया, एकमेकींकडे तोंड करून, आणि आतल्या अंगाला खोल खळगा. उरलेल्या तीन फळांच्या बिया गर धुऊन परवाच पेरल्या आहेत.