२ मिलिग्रॅमचा निकोटिन गम : दहा आठवडे वापरल्यानंतर

पदव्युत्तर शिक्षणासाठी पुण्यात आल्यावर पहिल्याच सत्रात मला सिगारेट लागली आणि दुसऱ्या वर्षी सात-आठ ओढल्याशिवाय दिवस जाईना, तेव्हा ती सोडण्यासाठी मी औषधाच्या दुकानातून निकोटिन गम, म्हणजे सिगारेटची तलफ भागवणारा चघळायचा गम, आणला. २ मिलिग्रॅमचा गम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळतो. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ज्यांना सिगारेट लागते, त्यांच्यासाठी ४ मिलिग्रॅमचा असतो. माझी पहिली सिगारेट अकराच्या चहाबरोबर असे.

सुरुवातीचे दोन दिवस तो मी साध्या चुइंगमसारखा कचाकचा चघळला. उचकी थांबेना, घसा जळजळला, मळमळू लागले आणि दुसऱ्या रात्री उरलेली पट्टी खणात टाकून मी पुन्हा टपरी गाठली. दुकानदाराने गम कसा खायचा ते सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. अखेर सिगारेटच्या पाकिटावरच छापलेल्या १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर फोन केला, तेव्हा समुपदेशकांनी न कंटाळता सारे समजावले. गम सावकाश चावायचा, मिरी दाताखाली आल्यासारखी चुरचुर जाणवली की थांबायचे आणि तो गाल व हिरडी यांच्यामध्ये धरून ठेवायचा. चुरचुर ओसरली की पुन्हा चावायचा, असे सुमारे अर्धा तास. निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जायला हवे. लाळेबरोबर गिळले गेले की उचकी आणि मळमळ ठरलेली. चहा-कॉफीनंतर पंधरा मिनिटे गम घ्यायचा नाही, कारण मग निकोटिन नीट शोषले जात नाही. माझ्यासारख्या चहाबाजाला हाच नियम सर्वांत जड गेला.

नीट वापरल्यावर तलफ पाच-दहा मिनिटांत उतरते, तोंडाला धुराचा वास राहत नाही आणि खर्च सिगारेटींपेक्षा कमीच येतो. मात्र मित्रांबरोबर टपरीवर उभे राहण्याची सवय तो मोडत नाही. शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीस २००३ च्या कायद्याने बंदी आहे, महाराष्ट्रात सुट्या सिगारेटींची विक्रीही २०२० पासून बंद आहे. तरीही आमच्या फाटकासमोर सुटी सिगारेट मिळते, याची मला मनापासून चीड येते.

सुपारी-तंबाखूचा मावा खाणाऱ्या माझ्या खोलीतल्या मित्रालाही मी पट्टी दिली, परंतु तोंड पुरते उघडत नसल्याने त्याला गम चावताच येईना. त्याच्या तोंडात तीन बोटे उभी मावत नाहीत. सुपारीने असे होते आणि त्यावर गम हा उपाय नाही, म्हणून त्याच आठवड्यात मी त्याला दंतवैद्यांकडे घेऊन गेलो. तुमच्याही ओळखीत कोणी मावा किंवा खर्रा खात असेल, तर गम विकत घेण्याआधी ही बोटांची तपासणी अवश्य करून पाहा.

सुरुवातीला मला दिवसाला आठ गम लागत. आता दोन पुरतात : एक रात्रीच्या जेवणानंतर आणि एक टपरीवर, शेजारचा मित्र काडी पेटवतो तेव्हा.