इंदूरच्या घरात खारा टँक की गोडा? आधी माशाचं आतडं बघा

दुकानात निळ्या दिव्याखाली समुद्रातला क्लाउनफिश दिसला की घरचा गोड्या पाण्यातला गोल्डफिश एकदम फिका वाटायला लागतो. मग घरात चर्चा सुरू होते, आणि पहिला प्रश्न दराचा असतो. खारा टँक महाग पडतो, यात वाद नाही. पण समुद्रापासून इतक्या लांब, कोरड्या उन्हाळ्याच्या इंदुरात खरा फरक माशाच्या पोटात आहे.

क्लाउनफिश असो की गोल्डफिश, दोघांच्या रक्तातले क्षार समुद्राच्या पाण्याच्या साधारण एक तृतीयांश. म्हणजे नळाच्या पाण्यातला मासा बाहेरच्यापेक्षा खारट आणि समुद्रातला बाहेरच्यापेक्षा अळणी. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं, तसं समुद्री माशाच्या कल्ल्यांतून पाणी सारखं बाहेर जात असतं. ते भरून काढायला तो चक्क खारं पाणी पितो. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ होमर स्मिथ यांनी हे १९३० साली दाखवून दिलं.

आता गंमत पुढे आहे. प्यायलेल्या पाण्यातलं सोडियम आणि क्लोराइड अन्ननलिकेतच बरंचसं शोषलं जातं. पाणी मात्र तिथून फारसं आत-बाहेर होत नाही. त्यामुळे आतड्यात पोचेपर्यंत त्याचा खारटपणा खूप उतरलेला असतो. आतडं उरलेलं सोडियम-क्लोराइड ओढून घेतं आणि त्यामागोमाग पाणी येतं. शिवाय आतडं बायकार्बोनेट सोडतं. त्याने पाण्यातलं कॅल्शियम आणि थोडं मॅग्नेशियम पांढऱ्या कणांच्या रूपात वेगळं पडतं, विरघळलेले क्षार कमी होतात आणि आणखी पाणी शोषता येतं. रक्तात आलेलं जास्तीचं मीठ कल्ले बाहेर टाकतात. मॅग्नेशियम आणि सल्फेट मूत्रपिंडं, तेही अगदी थोड्या मूत्रातून.

म्हणून नवा समुद्री मासा दोन दिवस काही न खाताही पांढरी, बुळबुळीत वेष्टनातली नळी टाकतो, तेव्हा लगेच जंतांचं औषध ओतू नका. बोटांनी चुरली आणि खडूसारखी कणीदार लागली तर ते आतड्यात वेगळे पडलेले तेच पांढरे कण, म्हणजे कार्बोनेट आहे. समुद्रात तयार होणाऱ्या कार्बोनेटपैकी ३ ते १५ टक्के माशांच्या आतड्यांतून येतं, असा अंदाज २००९ साली मांडला गेला होता!

गोड्या पाण्यातल्या माशाचं सगळं उलटं. पाणी कल्ल्यांतून आपोआप आत शिरतं, त्यामुळे तो पाणी जवळजवळ पीतच नाही. मूत्रपिंडं पातळ मूत्र सतत बाहेर टाकतात. निसटणारे क्षार कल्ले पाण्यातून वेचतात आणि आतडं खाण्यातून घेतं. मूत्रपिंडं थकली की पोट फुगतं, खवले उभे राहतात आणि वरून बघितलं तर मासा काटेरी दिसतो.

औषधाचा हिशोबही इथेच बदलतो. खाऱ्या टँकमधला मासा तुम्ही बनवलेलं पाणी पितो, म्हणून त्यात विरघळलेलं औषध, आणि घाणही, थेट आतड्यात जाते. गोड्या टँकमध्ये पोटाचं औषध खाण्यात मिसळून दिलेलं जास्त लागू पडतं.

पाण्याचं म्हणाल तर गोड्या टँकला नर्मदेचं नळाचं पाणी चालतं, फक्त क्लोरीन घालवणारं औषध टाका. खाऱ्यासाठी आरओचं पाणी आणि समुद्री मिठाचं मिश्रण हवं, लिटरला सुमारे ३५ ग्रॅम. स्वयंपाकघरातलं मीठ अजिबात नको, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचा हिशोबच नसतो. आणि मग मे महिना. पाणी उडतं, मीठ तिथेच राहतं. १०० लिटरमधलं १० लिटर उडालं की ३५चं जवळपास ३९ होतं. माशाला तेवढंच जास्त प्यावं लागतं आणि कल्ल्यांना तेवढंच जास्त मीठ उपसावं लागतं. हा तुटवडा साध्या आरओच्या पाण्याने भरायचा, मिठाच्या पाण्याने नाही. लग्नाला आठवडाभर पुण्याला गेलात तर हे काम शेजारच्या काकूंवर सोपवणार का? गोडा टँक असेल तर बिनधास्त जा, झाकण तेवढं नीट लावा.

माझं मत विचाराल तर घरातलं एक माणूस रोज पाण्याची पातळी बघणार नसेल, तर खाऱ्याच्या नादी लागू नका. तरीही मोह सुटत नसेल, तर मॉली आणा. ही मासळी गोड्या पाण्यातही राहते आणि हळूहळू समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यातही जाते, कारण तिचे कल्ले आणि आतडं आपलं काम पालटू शकतात. त्याला वेळ लागतो, म्हणून मीठ काही दिवसांत थोडं थोडं वाढवायचं आणि दर वेळी रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे पाण्याचा खारटपणा मोजायच्या उपकरणाने, मोजायचं. पुढे क्लाउनफिश आणलात तर तोच रिफ्रॅक्टोमीटर कामी येईल.